कोरी म्हणून दिलेली कॅसेट

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला अर्धी माहीत आहे — आणि ती अर्धीसुद्धा खोटी आहे. आज तुम्हाला सांगतोय. का तुम्हालाच? ओळख नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी मान अजून ताठ राहते, हीच तर अडचण आहे.

आधी घरचं सांगतो. दया यावी म्हणून नाही — दयेचा मला लहानपणापासून राग आहे. आम्ही धनगर. मी शाळेच्या वयाचा होईपर्यंत आमचं घर म्हणजे घोड्याच्या पाठीवर बांधलेलं सामान. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, पावसाच्या तोंडावर पुन्हा वर यायचं. ज्याच्या रानात मेंढरं बसवली त्यानं दिलेली ज्वारी खायची. मग एका पावसात रोग आला, चार दिवसांत निम्मा कळप आडवा झाला, आणि आबांनी उरलेली मेंढरं विकून लोकांच्या उसात फावडं धरलं. ते आणि आई कामामागं फिरत राहिले. मला मात्र शाळेसाठी इनामगावात ठेवलं — चुलत्याकडं, तात्यांकडं. तात्यांचा पाय घाटात मोडला होता, म्हणून ते आधीच गावात टेकले होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला काकीनंच वाढवलं. कालवणातली शेंग माझ्या ताटात, रस्सा तिच्या ताटात. हे मला तेव्हाही दिसत होतं.

तात्या ओव्या गायचे. आमच्यातली ओवी म्हणजे जात्यावरची नव्हे — देवाच्या जन्माची लांबच लांब कथा. एकानं सांगायची, दुसऱ्यानं मागं झील धरायची, गजी नाचणाऱ्यांनी ढोलावर ठेका द्यायचा. तात्यांची ओवी आसपास कुणाला येत नव्हती. त्यांच्या वडिलांकडून त्यांना आलेली, आणि तिथंच थांबलेली. मला शिकवायला बघायचे. मी अभ्यासाचं पुस्तक तोंडापुढं धरायचो.

आमच्या गावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, जुनी खापरं बघायला लोक यायचे. त्यातल्याच पुण्याच्या एका पाहुण्यानं एका दुपारी तात्यांना ढोलवाल्यांसकट लिंबाखाली बसवून ओवी टेप केली आणि महिन्याभरानं कॅसेट पोस्टानं पाठवली. साठ मिनिटांची, दोन्ही बाजू भरलेल्या. वरच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे त्यानं मोडून टाकले होते. चिठ्ठीत लिहिलं होतं — आता हिच्यावर चुकूनसुद्धा दुसरं काही भरलं जाणार नाही. चिठ्ठी मीच वाचून दाखवली होती.

दीड वर्षानं तात्या तीन दिवसांच्या तापानं गेले.

आमच्याकडं टेप नव्हता. काकी दर रविवारी कॅसेट पदरात धरून शिंप्याच्या दुकानात जायची, पायरीवर बसायची, एक बाजू ऐकायची आणि उठून यायची. शिंपी मशीन बंद ठेवायचा तेवढा वेळ. एकदा त्याच्या टेपनं फीत ओढली, थोडी चुरगळली, तेव्हापासून काकीच्या जिवाला घोर लागला. मी दौंडला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीवरून निघताना तिनं कॅसेट खणात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"संपा, ह्येची दुसरी काढून आण. ही झिजली तर म्या काय ऐकू?"

बघा — इथपर्यंत सांगताना अडखळलो नाही. पुढचं सांगायचं तर मला वळसा घेऊनच जावं लागतं.

दौंड म्हणजे रेल्वे. रेल्वे कॉलनीत तेव्हा जुनी अँग्लो-इंडियन घरं उरली होती. त्यातले एक लेस्ली अंकल, रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर. त्यांच्या व्हरांड्यात दर रविवारी दुपारी एका इंग्रजी रॉक बँडचे चाहते जमायचे. बँडचं नाव लिहीत नाही. त्यांचा काही दोष नाही यात, माझ्या गोष्टीत त्यांना कशाला ओढू? आम्ही शाळेत जायच्या आधीच तो बँड फुटला होता, पण अंकलच्या व्हरांड्यात तो रोज ताजा होता. अंकलकडं त्यांच्या तबकड्या होत्या, रेकॉर्ड प्लेयर होता, आणि त्याला जोडलेला डबल डेकचा टेप. आधी एक बाजू ऐकायची. मग प्रत्येकानं आपली आठवण सांगायची — हे गाणं पहिल्यांदा कुठं ऐकलं, तेव्हा काय घडत होतं. मग अंकल गिटार घ्यायचे आणि आम्ही सगळे गायचो.

मला तिथं कॉलेजातला एक मित्र घेऊन गेला. बाकीची चार पोरं कॉन्व्हेंटची, रेल्वेतल्या साहेबांची. मला "शिरूर" म्हणायची. इनामगाव त्यांना माहीत नव्हतं, तालुका माहीत होता. मी चप्पल बाहेर काढायचो तर एक जण ओरडायचा, "ए शिरूर, देवळात आलायस का?" हसायचे. मीही हसायचो. पण खरं सांगतो, त्या गाण्यांनी मला धरलं. एक शब्द कळत नव्हता आणि छाती भरून यायची. मी डिक्शनरी घेऊन ओळ न् ओळ उतरवली. माझं इंग्रजी कॉलेजनं नाही, त्या बँडच्या चार माणसांनी केलं.

एकदा मी पालथ्या बादलीवर ठेका धरला. अंकलनी गिटार थांबवली.

"ओ मॅन! ये बीट किधर से सीखा तू?"

तो गजीचा ठेका होता. तात्यांनी माझ्या पाठीवर थापून थापून शिकवलेला.

"रेकॉर्ड सुनके, अंकल," मी म्हणालो.

छोटंसंच खोटं. पण त्या दिवसापासून माझी किंमत वाढली. दर रविवारी बादली माझी.

मग अंकलचं ठरलं — घर आवरून मुलीकडं बंगळुरूला जायचं. तबकड्या त्यांच्याबरोबर जाणार. म्हणाले, पुढच्या रविवारी शेवटची बैठक, प्रत्येकानं कोरी कॅसेट आणा, सगळ्यांना त्यांचा तो गाजलेला अल्बम भरून देतो. तो अल्बम आमच्या गावात काय, पुण्यातसुद्धा मिळत नव्हता.

कोरी कॅसेट माझ्याकडं नव्हती. घ्यायला पैसेही नव्हते, पण ते कारण नाही. कारण आठवडाभर आधीच अंकल म्हणाले होते, "किसी के पास नहीं है तो बोलो, मेरे पास एक्स्ट्रा है." सगळ्यांसमोर म्हणाले, माझ्याकडं न बघता म्हणाले — आणि मला वाटलं, हे माझ्यासाठीच आहे. मी म्हणालो, "मेरे पास है." फुकटचं घेणारा म्हणून त्या पोरांनी मला बघावं? नाही. माझ्या घराण्यातला पहिला कॉलेजात गेलेला मी, मी हात पसरणार नाही. एवढी माझी अक्कल.

आणि काकीची कॅसेट माझ्या पिशवीत होती. अंकलकडं डबल डेक होता. दहा पावलांवर. एक शब्द बोललो असतो — अंकल, ही माझ्या चुलत्याची ओवी आहे, हिची कॉपी हवी — तर त्यांनी आनंदानं काढून दिली असती. पण मग ती त्या व्हरांड्यात वाजली असती. तात्यांचा तो रानातला, घशातनं फाटत जाणारा आवाज, मागं ढोल. आणि ठेका ऐकून सगळ्यांना कळलं असतं, माझी बादली कुठून आली ते.

मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो की ते क्षणात घडलं. सगळ्यांनी टेबलावर कॅसेट ठेवल्या, माझी पाळी आली, हात पिशवीत गेला, जी हाताला लागली ती ठेवली. असं घडतं ना माणसाच्या हातून? घडतं. पण माझ्या हातून असं घडलेलं नाही. मोडलेल्या तुकड्यांच्या कॅसेटवर काही भरता येत नाही. ती दोन भोकं बुजवावी लागतात. त्या सकाळी मी खोलीवर बसून कागदाच्या घड्या घातल्या, भोकांत बसवल्या, वरून मलमपट्टीची चिकटपट्टी लावली. वरचं लेबल ओलं करून नखानं खरवडलं. त्यावर तात्यांचं नाव होतं. पाऊण तास लागला. पाऊण तास हा काय क्षण असतो?

अंकलनी कॅसेट हातात घेतली, उलटसुलट केली.

"ब्लँक है?"

"ब्लँक है."

हे ते. एवढंच आहे. यासाठी मी इतका वळसा घेतला.

लाल दिवा लागला, तबकडी फिरायला लागली. भरताना खालचा आवाज ऐकू येत नाही, गाणंच ऐकू येतं. आम्ही गात होतो. मी बादली वाजवत होतो. अंकल शेवटची आठवण सांगत होते — पहिल्या पगारातून ही तबकडी घेतली, तेव्हा घरी रेकॉर्ड प्लेयरसुद्धा नव्हता — आणि त्यांचे डोळे भरले होते, आमचेही. माझे का भरले होते, मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिल्या बाजूला गाणी संपून आठेक मिनिटं उरली तर अंकल म्हणाले, जागा कशाला वाया घालवायची, आणि दुसऱ्या तबकडीवरची दोन गाणी भरली. दुसरी बाजू संपली तेव्हा पुढच्या पोराची कॅसेट वाट बघत होती. त्यांनी बटण दाबून माझी काढली आणि माझ्या हातात दिली.

काकीला काय सांगितलं? दौंडच्या दुकानदाराच्या टेपनं फीत खाल्ली, म्हणालो. आणि पुरावा नेला. इंग्रजी बोलायला शिका अशी एक जुनी, बिघडलेली कॅसेट रद्दीवाल्याकडून मुद्दाम आणली. तिची फीत ओढून, चुरगाळून, गुंतवळ करून कागदात बांधून नेली. इतका हुशार. काकीनं ती गुंतवळ दोन्ही हातांत घेतली. रडली नाही. म्हणाली, "तुजा काय दोस, बाबा. मशीनच त्ये." आणि मलाच पाणी आणून दिलं. गुंतवळ तिनं डब्यात घालून देव्हाऱ्याखाली ठेवली. दर अमावस्येला त्या डब्याला हळदकुंकू. मी सुट्टीला गेलो की बघायचो — आपल्या नवऱ्याचा आवाज म्हणून ती कुणातरी परक्या माणसाच्या 'गुड मॉर्निंग, हाऊ आर यू'ला हळद लावत होती. आणि मी जेवत होतो.

तुम्ही म्हणाल, पोरवय होतं. थांबा. पोरवयाचं मी सांगून झालंय.

ती कॅसेट भरल्यावर आठवडाभरातच मला कळलं. खोलीवर, सोबत्याचा टेप लावून, पडून ऐकत होतो, गाणं संपलं, उठायचा कंटाळा केला. थोडी खरखर झाली, खट्‌ असा आवाज आला, आणि तात्या. अर्ध्या शब्दापासून. अल्बम छोटा, कॅसेट मोठी — दुसऱ्या बाजूच्या शेवटी ते उरले होते. मी उडी मारून टेप बंद केला.

म्हणजे मला माहीत होतं. काकीसाठी तेवढा तुकडा दुसऱ्या कॅसेटवर काढून नेता आला असता. सुचलं नाही असं नाही, दर रविवारी सुचायचं. पण ती विचारणार, बाकीचं कुठंय? आणि फीत टेपनं खाल्ली तर हे कुठून आलं? खोट्याला खोटं जोडायचा कंटाळा केला, असं धरा. बारा वर्षं मी ती कॅसेट ऐकली, आणि प्रत्येक वेळी शेवटचं गाणं संपता संपता बटणावर बोट ठेवलं. मी पुसली ती एका दुपारी. दडवली मात्र रोज, आणि शुद्धीवर राहून. काकी तिकडं रविवारी शिंप्याच्या पायरीवर जायची. कॅसेट नसताना. सवयीनं, नुसतीच बसून यायची.

मी पदवीधर झालो. रांजणगावला कंपनीत लागलो, पुढं क्वालिटी खात्यात साहेब झालो. शिरूरला घर बांधलं. इंटरनेट आलं आणि त्या बँडचे चाहते एकमेकांना सापडायला लागले. पुण्यात एका हॉलमध्ये वर्षातून एकदा मेळावा भरायला लागला. तीच रीत — आठवण सांगायची, मग गाणं वाजवायचं. मी ड्रमवर बसायचो. आणि माझी आठवण ठरलेली. इंग्रजीत सांगायचो, कारण तिथं इंग्रजीत सांगितलं की जास्त हसतात: गावाकडचा मुलगा, पैसे नाहीत, म्हणून घरातल्या कुठल्यातरी जुन्या लोकगीताच्या कॅसेटवर रॉक भरलं! हॉल कोसळायचा. दर वर्षी लोक म्हणायचे, ती कॅसेटची गंमत सांगा ना. मी सांगायचो. दर वर्षी थोडी रंगवून.

मला आजही राग कशाचा येतो सांगू? ते हसले त्याचा नाही. त्यांना काय ठाऊक. मी विनोदाची जागा नेमकी साधायला शिकलो होतो, त्याचा येतो.

एका वर्षी एक मुलगी उठली. ती जुन्या कॅसेटींचे आवाज कॉम्प्युटरवर उतरवून साफ करून द्यायची, हौसेनं. तिला हसू आलं नव्हतं.

"पण सर, खालची गाणी कुणाची होती?"

"सम शेफर्ड," मी म्हणालो. कुणीतरी धनगर.

पुन्हा हसले सगळे. ती नाही. म्हणाली, "साठ मिनिटांची होती ना? मग शेवटी उरलं असेल काहीतरी. ऐकलंत कधी?"

नाही म्हणालो. पण पुढच्या आठवड्यात मी कॅसेट घेऊन तिच्या घरी गेलो. का गेलो ते विचारू नका — चांगुलपणा होता असं मी लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. फीत जुनी झाली होती, आता ती खरंच तुटेल अशी भीती वाटली होती एवढंच. तिनं कानाला हेडफोन लावले, डोळे मिटून ऐकलं. सात मिनिटं. मग म्हणाली, "सर, कसला माणूस आहे हा! शोधायला पाहिजे, कोण होते ते."

मी म्हणालो, "बघतो, सापडतात का."

तिच्या खोलीत उभं राहून म्हणालो. माझ्याच चुलत्याबद्दल.

तिनं करून दिलेली सीडी घेऊन गावी गेलो तो यात्रेच्या दिवशी. गोष्ट तयार होती: तेव्हा दुकानदारानं वाचलेला तुकडा कापून ठेवला होता, जुन्या सामानात सापडला, मी कॉम्प्युटरवर नीट करून घेतला. कुणी शंका घेतली नाही. शिकलेल्या माणसावर कोण शंका घेतो? देवळापुढं गजीचा फड मांडला होता. मंडपवाल्यानं कर्ण्यावर लावलं. पहिला अर्धा शब्द आला आणि ढोल धरलेली म्हातारी माणसं जागच्या जागी थांबली. सात मिनिटं कर्णा वाजत राहिला.

मग सरपंचांनी माझा सत्कार केला. टोपी, टॉवेल, नारळ. भाषण केलं — "आपल्या गावचं पोरगं शिकलं, म्हनून आज ह्यो आवाज परत आला. न्हाईतर गेलाच हुता!" टाळ्या. मी हात जोडून उभा. नाही म्हणायला तोंड होतं मला. उघडलं नाही.

काकी पुढंच बसली होती, खांबाला टेकून. मी पाया पडायला वाकलो तर तिनं माझं मनगट धरून ठेवलं.

"एवढंच ऱ्हायलं व्हय, संपा?"

"एवढंच, काकी."

"आसू दे. त्येंचा खोकलाबी आलाय त्यात. आयकलास का?" आणि शेजारणीला म्हणाली, "म्या म्हनायची न्हवं, गाताना मधीच खोकत्यात म्हनून! आन् ह्ये म्हनायचे, न्हाई खोकत."

दोघी हसल्या. पुढच्या सोमवारी ती देव्हाऱ्याखालची गुंतवळ काकीनं घोड नदीत सोडली. आता खरं परत आलं, तर ते तुटकं घरात कशाला, म्हणून. त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली. मी तिच्या उशाला चार दिवस होतो. बोलायला वेळ भरपूर होता. नाही बोललो.

पुण्याच्या मेळाव्याला मी नंतर गेलो नाही. त्यांना वाटतं कामात असतो.

गजीच्या फडातल्या पोरांनी ती सीडी ऐकून ऐकून पाठ केली. आता दर यात्रेला तेच सांगतात, दुसरी ओवी कुणाला येत नाही. सुरुवात अर्ध्या शब्दापासून करतात. मी एकदा विचारलं, असं का? तर पोरगं म्हणालं, "मामा, तुमच्या तात्यांची रीतच तशी हुती. टेपात हाय की." मी बरं म्हणालो.

त्या अर्ध्या शब्दाच्या आधी देवाचा जन्म होता, त्याची आई होती, अख्खं रान होतं. मी लहानपणी रोज ऐकलेलं आहे, आणि मला त्यातली एक ओळ येत नाही. तात्यांच्या ओवीची सात मिनिटं गावात आहेत, तिघं पोरं ती गातात. बाकीची त्रेपन्न मिनिटं मी पुसली.